सोबतीचा श्वास

आधी पक्षी दिसतात. क्षितिजाच्या जरा अलीकडे, जिथे नुसते पाणी असायला हवे, तिथे पांढरे ठिपके घिरट्या घालू लागतात. त्यातला एक पंख मिटून सरळ खाली कोसळतो, मग दुसरा, मग एकदमच दहा-बारा. त्यांच्याखालचे पाणी खदखदत असते. वारा पडलेला, बाकीचा समुद्र निवांत, मग तेवढ्याच पट्ट्यात हे उधाण कसले, म्हणून पाहत राहावे तर फेसातून काळ्या पाठींची एक ओळ वर येते, वाकते आणि पाण्यात शिरते. तिच्यामागे दुसरी, तिसरी. हळूहळू डोळे सरावतात आणि ध्यानात येते, की नजर पोचेल तिथवर त्याच पाठी आहेत. कॉमन डॉल्फिनांचा थवा असा येतो. शंभर-दोनशेंचा थवा नेहमीचा, हजारांचाही फार विरळा नाही, आणि अन्न एका जागी दाटलेले असेल तर दहा हजारांपर्यंतचे थवे माणसांनी पाहिलेले आहेत.

एवढे मोठे प्राणी एवढ्या संख्येने एका दिशेला निघालेले जमिनीवर आता क्वचितच पाहायला मिळतात. समुद्राने ते वैभव अजून थोडे राखून ठेवले आहे. त्याच्यासमोर उभे राहिले, की माणूस आपोआप हात जोडतो. मी जोडले आहेत.

निसर्गशास्त्रज्ञ लिनिअसने १७५८मध्ये या प्राण्याला शास्त्रीय नाव दिले, डेल्फिनस डेल्फिस. जगातल्या उष्ण आणि समशीतोष्ण समुद्रांत तो पसरलेला आहे. लांबी साधारण दोन मीटर, फार तर अडीचच्या आसपास. ओळख पटवायची तर त्याची कूस पाहावी. पाठीचा गडद रंग पाठीवरच्या पराखाली टोकदार होऊन कुशीवर उतरतो. त्याच्या पुढे पिवळसर गेरूचा पट्टा, मागे शेपटीकडे फिकट राखाडी, आणि दोन्ही रंग त्या टोकापाशी निमुळते होऊन एकमेकांना भेटतात. आडवा धरलेला डमरूच जणू कुणी कुशीवर रेखून ठेवला आहे. डोळ्याभोवती काळे कडे, खालच्या जबड्यापासून छातीच्या परापर्यंत गेलेली एक काळी रेघ, आणि पोट शुभ्र. वरून पाहणाऱ्याला खोल पाण्यावर गडद पाठ दिसू नये, खालून पाहणाऱ्याला उजेडात पांढरे पोट दिसू नये, अशी ही योजना. पण नुसते लपायचेच असते तर कुशीवर एवढी रंगांची उधळण कशाला, असे मला दर वेळी वाटते. शेजाऱ्याला शेजारी दिसावा, वळण घेताना कोण कुठे आहे ते कळावे, यासाठीही ती कूस असावी. थव्यात जगणाऱ्याचे अंग थव्याने पाहण्यासाठी असते.

चोच लांब असलेले आणि चोच आखूड असलेले, अशा यांच्या दोन जाती १९९४मध्ये वेगळ्या मानल्या गेल्या. पुढे आनुवंशिक तपासणीतून चित्र बदलले, आणि आता बहुतेक अभ्यासक त्यांना पुन्हा एकाच जातीत धरतात. हिंदी महासागरातल्यांची चोच सर्वांत लांब.

आपला श्वास आपल्या नकळत चालतो. झोपलो तरी चालतो, शुद्ध हरपली तरी चालतो. डॉल्फिनला ती मुभा नाही. त्याचा प्रत्येक श्वास त्याने स्वतः, जाणून घेतलेला असतो. वर यायचे, डोक्यावरचे नाक उघडायचे, निमिषभरात फुप्फुसातली बहुतेक हवा बदलायची, नाक मिटायचे आणि खाली जायचे. जन्मापासून मरणापर्यंत, दिवसरात्र हेच. मग तो झोपतो कधी? डॉल्फिनांच्या ज्या जातींची झोप अभ्यासली गेली, त्यांच्यात मेंदूचा एक अर्धा भाग झोपतो आणि दुसरा जागा राहतो. थोड्या वेळाने पाळी बदलते. जागा भाग श्वास सांभाळतो, सोबत्यांवर लक्ष ठेवतो, पोहत राहतो. आपल्याकडे योग्यांच्या जागृत निद्रेबद्दल आदराने बोलले जाते. इथे एक साधे जनावर आयुष्यभर तशीच निद्रा घेते, आणि त्याचे श्वासावरचे ध्यान एकदाही सुटत नाही. सुटले तर जीव जातो.

पिल्लू जन्मते तेव्हा बहुधा आधी शेपटी बाहेर येते. दहा-अकरा महिने आईच्या पोटात वाढलेले, ऐंशी-नव्वद सेंटिमीटरचे ते अंग घड्यांच्या खुणा घेऊनच पाण्यात उतरते. पाठीवरचा पर अजून मऊ आणि लवलेला. पहिले काम एकच, पृष्ठभाग गाठणे. त्यानंतर त्याची जागा ठरते, आईच्या कुशीला लागून, किंचित मागे. आई पाणी कापत जाते तेव्हा तिच्या बाजूने पाण्याचा जो ओघ वाहतो, त्या ओघात पिल्लू थोड्याशा श्रमात ओढले जाते. आईला हात नाहीत, ती पिल्लाला उचलून घेऊ शकत नाही. तिच्या चालण्यानेच ती त्याला कडेवर घेते. सुरुवातीला पिल्लाला नेमके किती वर यायचे ते कळत नाही. ते हनुवटीसकट अख्खे डोके पाण्याबाहेर फेकते, धपकन पडते आणि पुन्हा आईला चिकटते. आईच्या शेजारी वर येत येत त्याला श्वासाचा ठेका उमगतो. दूधही पोहता पोहताच. आईच्या पोटाखालच्या चिरांत स्तनाग्रे लपलेली असतात, पिल्लू तिथे तोंड लावते आणि घट्ट, स्निग्ध दुधाची धार त्याच्या तोंडात येते. मग पुन्हा दोघे हवेसाठी वर.

पाण्यात नजर थोडे अंतर जाते, आवाज फार लांब. हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने तो पाण्यात धावतो. डॉल्फिनाचा सारा संसार या आवाजावर उभा आहे. नाकाच्या आतल्या वाटेत तो टिकटिक असा आवाज काढतो, कपाळातल्या चरबीच्या गोळ्यातून तो एकाग्र होऊन पुढे जातो, समोरच्या माशावर आपटून परत येतो, आणि खालच्या जबड्यातली चरबी तो प्रतिध्वनी कानापर्यंत पोचवते. त्याचे ऐकणे म्हणजेच पाहणे. याशिवाय शीळ आहे. थव्याच्या आसपास पाण्याखाली ध्वनिग्राहक सोडला, की शिट्यांचा नुसता कल्लोळ ऐकू येतो. डॉल्फिनांच्या दुसऱ्या एका जातीत, बॉटलनोजमध्ये, प्रत्येकाची स्वतःची एक ठरावीक शीळ असते हे १९६५पासून माहीत होते. तो जणू पाण्यात स्वतःचे नाव पुकारत असतो. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मोकळ्या कॉमन डॉल्फिनांच्या ध्वनिमुद्रणांतही तशाच शिळांच्या खुणा सापडल्याचे २०१९मध्ये प्रसिद्ध झाले. हजारोंच्या गलबल्यात, अंधाऱ्या पाण्यात, आईपासून चार हात लांब गेलेल्या पिल्लाला हाकेचाच आधार.

आणि हाक द्यायला कुणीच नसेल तर?

स्कॉटलंडच्या पश्चिमेला फर्थ ऑफ क्लाइड नावाची खाडी आहे. तिथे एक कॉमन डॉल्फिन मादी वर्षानुवर्षे एकटीच राहत आली. एका बोयाच्या अवतीभवती तिचा मुक्काम. तिथल्या लोकांनी तिला कायली म्हणायला सुरुवात केली. थवा का सुटला, ती खाडीत कशी आली, याची कहाणी पाण्यालाच ठाऊक. त्या खाडीत हार्बर पॉरपॉइज राहतात. डॉल्फिनांचे हे लहानखुरे, लाजरे नातलग शीळ घालत नाहीत. त्यांची टिकटिक अगदी अरुंद पट्टीतली आणि फार उंच, माणसाच्या कानाच्या कितीतरी पलीकडची. त्या पट्टीतला आवाज त्यांच्या जिवावर उठणाऱ्या ओर्का देवमाशांनाही नीट ऐकू येत नाही, म्हणून ती त्यांना तारते. कायलीने या पॉरपॉइजांची सोबत धरली. तिच्याजवळ ध्वनिग्राहक सोडून केलेल्या नोंदींचा अभ्यास २०२२मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसले, की कायलीची टिकटिक पॉरपॉइजांच्या पट्टीकडे झुकली आहे. आणि शीळ? त्या मुद्रणांत तिची एकही शीळ नव्हती. ज्या जातीचा सारा समुद्र शिळांनी भरलेला असतो, त्यातल्या या एकटीने शीळ सोडली आणि शेजाऱ्यांच्या आवाजाशी आपला आवाज जुळवला. पॉरपॉइजांना तिचे बोलणे किती कळत असेल, कोण जाणे. पण ते तिच्या जवळ येत राहिले, त्यांची पिल्लेसुद्धा. मला या प्राण्याबद्दल एकच गोष्ट सांगायची परवानगी असती, तर मी हजारांच्या थव्याची न सांगता कायलीची सांगितली असती. सोबत ही या जिवाची किती मोठी गरज आहे, ते तिच्याइतके कुणीच दाखवलेले नाही.

दिवस मावळतो तेव्हा थव्याची चाल बदलते. दुपारभर सैलावलेले, रेंगाळणारे डॉल्फिन खोल पाण्याच्या दिशेने सरकतात. कारण त्याच वेळी समुद्राच्या पोटातून एक प्रचंड चढण सुरू होते. अंगावर प्रकाशाचे ठिपके मिरवणारे बोटभर मासे, माकूल, कोळंबीच्या जातीचे असंख्य बारीक जीव दिवसा काही शे मीटर खोल काळोखात राहतात आणि रात्री चरायला वर येतात. दुसऱ्या महायुद्धात, १९४२च्या सुमारास, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापाशी पाणबुड्या शोधण्यासाठी ध्वनिलहरी सोडल्या जात होत्या, तेव्हा जिथे तळ असायला नको तिथे तळ असल्यासारखा प्रतिध्वनी येऊ लागला. रात्री तो तळ वर सरके, पहाटे खाली जाई. तो तळ जिवंत होता. एवढ्या दाटीने जमलेले जीव, की आवाज त्यांच्यावर आपटून परत फिरावा. माणसाला युद्धात योगायोगाने सापडलेली ही गोष्ट डॉल्फिन युगानुयुगे ऐकत आले आहेत. विल्यम इव्हान्स या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९७०च्या आसपास याच भागातल्या कॉमन डॉल्फिनांवर रेडिओ ट्रान्समीटर बसवले, आणि ते दोनशे मीटरच्याही खाली बुडी मारतात असे आढळले. वरून येणारी हवा छातीत धरायची आणि खालून येणाऱ्या अन्नाला वाटेत गाठायचे. दोन जगांच्या मधल्या त्या वाटेवर रात्र जाते.

पण त्यांची खरी ताकद पाहायची तर दक्षिण आफ्रिकेचा पूर्व किनारा गाठावा, मे ते जुलै या त्यांच्या थंडीच्या दिवसांत. तिथले सार्डिन म्हणजे आपल्या तारलीचे भाऊबंद, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळच्या गार पाण्यात राहणारे मासे. त्यांना गारवाच मानवतो. एरवी पूर्व किनाऱ्याला अगुल्हास प्रवाह उत्तरेकडून ऊबदार पाणी आणत असतो, त्यामुळे ती वाट बंद. थंडीत मात्र किनारा आणि प्रवाह यांच्यामध्ये गार पाण्याची एक चिंचोळी पट्टी तयार होते. त्या पट्टीत सार्डिनांचे थवे शिरतात आणि ईशान्येकडे चालू लागतात. मैलोन्‌मैल लांबीचे, वरून पाहिले तर ढगाची सावली पडल्यासारखे दिसणारे थवे. त्यांच्या मागावर सारा समुद्र लोटतो, आणि या वरातीचे पुढारपण करतात कॉमन डॉल्फिन.

हजार-दोन हजार डॉल्फिन रांग धरून येतात. मोठ्या थव्याचा एक लचका ते वेगळा काढतात. खालून आणि बाजूंनी शिट्या, टिकटिक, बुडबुड्यांचे पडदे यांचा मारा करत त्याला पृष्ठभागाकडे ढकलतात. खाली डॉल्फिन, वर हवा. सार्डिनाला जायला जागा उरत नाही, म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याच्या आड लपायला बघतो, आणि हजारो माशांचा एक लखलखता, फिरता गोळा होतो. काही डॉल्फिन भोवती फेर धरून तो आवळत राहतात, काही मुसंडी मारून आरपार जातात. जबड्याच्या प्रत्येक बाजूला बारीक अणकुचीदार दातांची लांबच लांब रांग आहे. ती चावायला नाही, निसटता मासा धरायला. धरला, गिळला, पुढे. आता आभाळातून केप गॅनेट कोसळू लागतात. डॉल्फिन कुठे चालले आहेत हे ते वरून पाहत आलेले असतात. पंख मागे मिटून ते पाण्यात घुसतात आणि आत पंखांनी पोहत मासा टिपतात. खालून शार्क येतात. मग एखादा ब्रायड्ज देवमासा जबडा पसरून येतो आणि अर्धा गोळा एका घासात नाहीसा होतो. काही मिनिटांत तिथे काहीच उरत नाही, फक्त बुडत जाणारे चंदेरी खवले.

हे पाहताना दयेने डोळे झाकून घ्यावेसे वाटत नाहीत, असे म्हणालो तर कठोर वाटेल. पण तिथे क्रौर्य नाही. भूक आहे, कौशल्य आहे, आणि शेकडो जिवांचे एकमेकांवरचे असे अवधान आहे, की कोण कधी आत जाणार आणि कोण वर हवा घ्यायला जाणार, यात घोटाळा होत नाही. एकटा डॉल्फिन एवढा गोळा कधीच बांधू शकला नसता. सार्डिनांची गोष्ट मात्र उदास आहे. २०२१मध्ये त्यांच्या आनुवंशिक अभ्यासातून निष्पन्न झाले, की या वाटेने जाणारे मासे प्रामुख्याने गार अटलांटिक पाण्यातल्या वंशाचे. गार पट्टी त्यांना भुलवून पुढे नेते, पट्टी विरते, आणि ते त्यांना न मानवणाऱ्या ऊबदार पाण्यात अडकतात. हिमयुगातल्या एखाद्या जुन्या वाटेची ही उरलेली ओढ असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे. एकाची चुकलेली वाट दुसऱ्यांच्या पोराबाळांचे पोट भरते, आणि समुद्र दोघांचाही असतो.

या प्राण्याकडे आदराने आणि नीट डोळे उघडून पाहणारा पहिला मोठा माणूस म्हणजे ॲरिस्टॉटल. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात, काही काळ लेस्बॉस बेटावर राहून, कोळ्यांशी बोलत, त्याने समुद्रातल्या जिवांचा अभ्यास केला. डॉल्फिनाला फुप्फुसे आहेत, तो हवा घेतो, पिल्लाला जन्म देतो, दूध पाजतो, दहा महिने गर्भ वाहतो, हे सगळे त्याने लिहून ठेवले. वय कळावे म्हणून कोळी डॉल्फिनांच्या शेपटीला खाच पाडून त्यांना सोडून देत, आणि त्यावरून काही डॉल्फिन पंचवीस-तीस वर्षे जगतात असे दिसले, अशीही नोंद त्याने केली आहे. आजचे अभ्यासक पराच्या कडेवरच्या खाचांचे फोटो काढून एकेक डॉल्फिन ओळखतात. त्या पद्धतीचा हा पूर्वज दोन हजार तीनशे वर्षांपूर्वीचा.

त्याने दोन प्रसंगही टिपले आहेत. आजच्या तुर्कस्तानच्या नैर्ऋत्येला कारिया म्हणून प्रदेश होता. तिथे एक डॉल्फिन जखमी करून पकडला गेला. तेव्हा डॉल्फिनांचा थवाच्या थवा बंदरात शिरला आणि कोळ्याने त्याला सोडेपर्यंत तिथून हलला नाही. दुसरा प्रसंग असा, की मेलेले पिल्लू खोल बुडत होते आणि दोन डॉल्फिन त्याच्याखाली शिरून त्याला पाठीवर तोलून धरत होते.

शतकानुशतके या गोष्टींना लोक दंतकथा समजत आले. पण २००८च्या जून महिन्यात दक्षिण कोरियाच्या उल्सान शहराजवळच्या समुद्रात संशोधकांच्या नावेला कॉमन डॉल्फिनांचा मोठा थवा भेटला, आणि त्यातले डझनभर डॉल्फिन एका जागी घुटमळताना दिसले. त्यांच्यात एक मादी होती. तिला पोहता येत नव्हते, अंग कलत होते. बाकीचे तिच्या खालून आणि बाजूंनी तिला आधार देत होते. पुढे त्यांनी एकमेकांना लागून पाठींचा एक तराफाच केला आणि तिला त्यावर पेलून धरले, म्हणजे तिचे नाक पाण्यावर राहावे. श्वास तिचा होता, पण घेतला तो सगळ्यांनी मिळून. ती गेली. त्यानंतरही काही डॉल्फिन तिला स्पर्श करत, तिच्याभोवती फिरत तिथेच राहिले. संशोधकांनी हे सगळे चित्रित केले आणि २०१३मध्ये प्रसिद्ध केले. याला दुःख म्हणावे का, असा प्रश्न विचारणारे विचारोत. जन्मलेल्या पिल्लाला वर आणणारी हीच हालचाल आहे, ती उपजत असेल, असेही कुणी म्हणेल. असेना का. आपल्याकडे आजाऱ्याच्या उशाशी रात्रभर बसणारी माणसे तरी कुठे विचार करून बसतात?

मराठी वाचकाच्या मनात डॉल्फिन म्हटले की कोकण येते, आणि ते बरोबरच आहे. तारकर्ली-देवबागच्या, हर्णै-मुरुडच्या समुद्रात सकाळच्या होड्यांतून जो दिसतो, मालवणकडे ज्याला गादा म्हणतात, तो मात्र वेगळा. हंपबॅक डॉल्फिन. राखाडी, पाठीवरच्या पराखाली उंचवटा असलेला, खाड्यांच्या तोंडाशी आणि उथळ पाण्यात रमणारा, लहान लहान टोळ्यांनी राहणारा. कॉमन डॉल्फिनही अरबी समुद्रातलाच, पण त्याला खोल पाणी लागते, आणि आपल्या किनाऱ्याची समुद्रबूड जमीन फार रुंद. मुंबईसमोर ती दोनशे किलोमीटरहून अधिक पसरलेली आहे. म्हणून आपल्याला तो काठावरून दिसत नाही. पलीकडे ओमानला तसे नाही. तिथे खोल पाणी किनाऱ्याच्या जवळ येते. मस्कतला कामाधंद्यासाठी गेलेल्या कितीतरी मराठी घरांनी सुट्टीच्या सकाळी होडीतून हा थवा पाहिलेला आहे. मीही तो तिथेच पाहिला. होडीवाला अनुभवी होता. थवा दिसताच त्याने वेग उतरवला, वळण घेतले नाही, मध्ये घुसला नाही. नुसता एका रेषेत चालत राहिला. मग तेच आले. नाळेपुढे पाणी जिथे दाबले जाऊन पुढे ढकलले जाते, तिथे पाच-सहा जण येऊन बसले. शेपटी जवळजवळ हलत नव्हती, ती पुढची लाटच त्यांना नेत होती. माणसाने पहिली होडी पाण्यात घातली त्याच्या कितीतरी आधीपासून ते देवमाशांच्या डोक्यापुढच्या लाटेवर असेच स्वार होत आले असणार. पिल्लांच्या आया मात्र लांबच राहिल्या, आणि त्यांनी तसे राहणे मला आवडले. आपल्याला सगळेच जवळून दिसले पाहिजे असे नाही.

जवळ जाण्याने आपण त्यांचे काय केले आहे, तेही सांगायलाच हवे. काळ्या समुद्रात त्यांची एक वेगळी उपजात आहे. तेलासाठी आणि मांसासाठी तिची विसाव्या शतकात इतकी कत्तल झाली, की सोव्हिएत संघाला १९६६मध्ये शिकार बंद करावी लागली. तुर्कस्तानात ती १९८३पर्यंत चालू राहिली. भूमध्य समुद्रातूनही ते कमी होत गेले. ग्रीसच्या पश्चिमेला कालामोस बेटाच्या आसपास १९९६मध्ये सुमारे दीडशे कॉमन डॉल्फिन होते. २००७पर्यंत उरले सुमारे पंधरा. सार्डिन आणि अँकोव्ही हेच त्यांचे अन्न, आणि मोठ्या घेरजाळ्यांनी ते उपसून नेले होते. भूमध्य समुद्रातले कॉमन डॉल्फिन २००३पासून संकटग्रस्त मानले गेले आहेत. ॲरिस्टॉटलच्याच देशाचे हे पाणी. कोरिंथच्या आखातात उरलेले थोडेसे आता पट्टेदार डॉल्फिनांच्या थव्यांत मिसळून राहतात. आपले पुरेसे उरले नाहीत की परक्यांत राहायचे. कायलीसारखेच.

आणि जाळी. फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावर, बिस्केच्या उपसागरात, थंडीत मासे काठाकडे येतात, त्यांच्या मागे डॉल्फिन येतात, त्याच वेळी मच्छीमार येतात. दर हिवाळ्यात मेलेले कॉमन डॉल्फिन वाळूवर येऊन पडू लागले, अंगावर जाळ्याच्या दोरीचे वळ. जाळ्यात अडकलेल्या डॉल्फिनाचा मृत्यू हा श्वासाचा मृत्यू असतो. त्याला वर येता येत नाही, आणि खाली सोबती असले तरी त्यांना त्याला उचलता येत नाही. हे वाचताना मला उल्सानचा तराफा आठवतो आणि पुढे वाचवत नाही.

अखेर फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने हात घातला. २२ जानेवारी ते २० फेब्रुवारी २०२४ या महिन्यात बिस्केच्या उपसागरात आठ मीटरपेक्षा मोठ्या, धोक्याची जाळी वापरणाऱ्या बोटींना मासेमारी बंद करण्यात आली. मच्छीमार चिडले. त्यांचे चिडणे खोटे नव्हते, ऐन हंगामातला महिना गेला होता, आणि नुकसानभरपाई मिळाली तरी धक्क्यावर बांधलेली बोट कोळ्याला सुखवत नाही. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. आपल्याकडेही १ जून ते ३१ जुलै बोटी काठावर ओढलेल्या असतात, जाळी विणली जातात, आणि परंपरा अशी, की नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्यावाचून कोळ्याने पाण्यात उतरू नये. समुद्राला त्याचे दिवस द्यायचे असतात, हे तिथल्या न्यायालयाने कागदावर लिहिले. इथल्या कोळीवाड्यांनी ते सणात बांधून ठेवलेले आहे.

त्या हिवाळ्यात जाळ्यांत मरणाऱ्या डॉल्फिनांचा अंदाज आधीच्या हिवाळ्यांपेक्षा बराच खाली आला. २०२५च्या जानेवारीत, त्याच तारखेला, बोटी पुन्हा बांधल्या गेल्या.